दुपारी गोळी ‘उतरते’ तेव्हा

प्रश्न : वय ३४. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला कामाला जाते. महिन्यापूर्वी एडीएचडीचं (लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार) निदान झालं. सकाळी ८ला मिथाइलफेनिडेटची १० मिलिग्रॅमची साधी गोळी घेते, नाश्ता न करताच. मग दोन कटिंग, डबा थेट ३ वाजता. १२नंतर चिडचिड, डोकेदुखी. ईमेल उघडून नुसती बघत बसते. डोस वाढवू का?

उत्तर : मनाने अजिबात वाढवू नका. साधी गोळी जेमतेम ३-४ तास चालते, म्हणजे तुमची १२च्या सुमारास ओसरणारच. शिवाय या औषधाने भूक मरते. नाश्ता न करता गोळी, मग दोन कटिंग, डबा ३ वाजता. डोकेदुखीचं निम्मं कारण तिथेच असू शकतं. गोळीआधीच पोटभर खा, थालीपीठ-दही किंवा अंडी. डब्यासाठी १चा गजर लावा. भुकेची वाट बघू नका, ती येणार नाही.

७ दिवस वहीत टिपा : गोळीची वेळ, लक्ष उडाल्याची वेळ, जेवण, झोप, नाडी. ते पान बघून डॉक्टर दुपारचा छोटा डोस किंवा लांब चालणारी गोळी ठरवतील. संध्याकाळी घेतलेली गोळी झोप घालवते. रक्तदाब तपासत राहा. गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात असतेच असं नाही; ७ उरल्या की अपॉइंटमेंट घ्या.

किचकट काम ९ ते १२मध्ये उरका. दुपारच्या ईमेलला आधी कागदावर एकच ओळ लिहा : ‘यांना माझ्याकडून काय हवंय?’