कॅथलिक संताच्या तीर्थमंदिरासाठी अक्षयनिधी कसा उभारावा?

सणाच्या दिवसांतल्या दानावर मंदिराचं वर्ष निघत नाही, म्हणून कायमचा निधी हवा, हा विचार अगदी योग्य आहे. पण पैसे गोळा करण्याआधी बिशपांची लेखी परवानगी घ्या. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कलम १३०३ ते १३०७ अशा निधीबद्दलच आहेत.

मग रक्कम ठरवा. मुद्दल शाबूत ठेवून दरवर्षी साधारण ४ टक्के काढायचे असतील, तर निधी त्यातून भागवायच्या वार्षिक खर्चाच्या २५ पट लागतो. आकडा ऐकून धीर सुटतो, म्हणून सगळा खर्च त्यावर टाकू नका. छप्पर, भिंती, सेवकांचे पगार एवढंच निधीवर; सणाचा खर्च सणाच्या दानातून. व्याजातला थोडा भाग मुद्दलात परत घाला, नाहीतर महागाई निधी पोखरते.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे दात्याचा हेतू. कलम १२६७ प्रमाणे ज्या कारणासाठी दान दिलं, त्यासाठीच ते वापरता येतं. त्यामुळे पावतीवर ‘अक्षयनिधी’ स्पष्ट लिहा आणि खातं वेगळं ठेवा. मोठी दानं बहुधा मृत्युपत्रातून येतात; नवस फेडायला पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या कुटुंबांशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. हिशेब दरवर्षी भाविकांपुढे मांडा.