पोथीला कसर लागली, ऊन दाखवू का?

प्रश्न : घरची हस्तलिखित पोथी पावसात दमट झाली, कसरही लागली. ऊन दाखवावं का? संग्रहालयांसारखी ती जगाला कशी दाखवता येईल? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ऊन नकोच. उन्हानं कागद ठिसूळ होतो, शाई उडते. पानं सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर सुकवा. मग सुती कापडात गुंडाळून, पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा, म्हणजे कसर मरते. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका. घाई केलीत तर गार पानांवर दव धरतं आणि बुरशीला आयतं आवतण मिळतं. नंतर मऊ कुंचल्यानं झाडा. सेलोटेप, लॅमिनेशन? कधीच नाही. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, म्हणजे आपला अख्खा पावसाळाच! कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय यांच्या वस्तू ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ पोर्टलवर दिसतात. त्यामागे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं ‘जतन’ सॉफ्टवेअर आहे. तिथे चित्राइतकीच नोंद महत्त्वाची. तुम्हीही फ्लॅश बंद ठेवून, पानाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि फाइलच्या नावातच पानाचा क्रमांक घाला.