दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिन्याभराने गाठ आली, तर आधी दिवस मोजा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. टाके वेळेवर निघाले, जखमा सुकल्या. आणि आता बेंबीजवळच्या छिद्रापाशी हरभऱ्याएवढी गाठ, त्यातून पाण्यासारखं काहीतरी झिरपतंय. ताप नाही, दुखणंही फारसं नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. आत्या म्हणतात उष्णता झाली, मटण-अंडी बंद करा. शिवाय पुढच्या महिन्यात सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, त्यांच्या वेळी काय बघायचं, हेही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं कोल्हापुरात सिस्टर होते, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरात आणि सर्जिकल वॉर्डात. त्यामुळे निदान करणार नाही, पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगते.

जखमेकडे बघायच्या आधी आम्ही केसपेपरवर ऑपरेशननंतरचा दिवस कितवा ते बघायचो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा बारीक ताप बहुतेक वेळा जखमेचा नसतोच. एक अपवाद आहे आणि तो वाईट आहे: पहिल्या दोन दिवसांतच जखम दिसते त्याच्या मानाने कैकपट दुखते, आजूबाजूची कातडी निळी-काळी पडते, फोड येतात. तिथे सकाळची वाट बघायची नाही. नेहमीचा जंतुसंसर्ग चौथ्या-पाचव्या दिवसानंतर डोकं वर काढतो. टाक्यांच्या कडेला थोडी लाली, थोडी खाज हे भरून येण्याचं लक्षण. पण कमी होत आलेलं दुखणं परत वाढायला लागलं, ठणका लागला, हात लावल्यावर गरम वाटलं, तर दाखवायचं. लाली पसरतेय का हे नुसत्या नजरेला कळत नाही. बॉलपेनने तिच्या कडेने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. संध्याकाळी लाली रेघेबाहेर गेली असेल तर फोन करायचा.

आणि सगळं आलबेल झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा येणारी गाठ, ही वेगळी जात. तुमच्या आईंचं वर्णन वाचून मला तीच आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका खासगी दवाखान्यात होते, नाव नको. दीड-दोन महिन्यांत चार पेशंट असेच परत आले. चौघांचंही ऑपरेशन दुर्बिणीचं, चौघांनाही छिद्रापाशी गाठ, पातळ स्राव. पू तपासायला पाठवला की दोन दिवसांनी रिपोर्ट यायचा, जंतू वाढले नाहीत. मग अँटिबायोटिक बदलायचं, परत तेच. एका पेशंटच्या मुलाने माझ्यासमोर विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडंच कसं काय होतंय हे?" मला राग आला होता. त्याचं बरोबर होतं.

आमची दुर्बीण आणि ट्रोकार (पोटाच्या छिद्रात घालायची नळी) दोन केसच्या मध्ये ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाच्या ट्रेमध्ये २० मिनिटं बुडवून ठेवायची पद्धत होती. त्या २० मिनिटांत बरेच जंतू मरतात, पण पूर्ण निर्जंतुकीकरणाला त्याच द्रावणात दहाएक तास लागतात. द्रावण चालू केलं की त्याची मुदतही मोजकी, बहुधा १४ दिवसांची, आणि बाटलीवर तारीख लिहायची ती आम्ही कधी लिहायचो, कधी नाही. शेवटी हत्यारं धुवायची ती बादलीतल्या नळाच्या पाण्याने. सगळी मेहनत तिथे वाया. टीबीच्या जंतूचे चुलतभाऊ असतात, नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया म्हणतात त्यांना, ते पाण्यात आणि मातीतच राहतात. पाणी पंचगंगेचं असो की थेट पाइपलाइनने आलेलं काळम्मावाडी धरणाचं, प्यायला चांगलं असेल, पण पोटात घालायच्या हत्याराला ते चालत नाही. तिथे ऑटोक्लेव्ह झालेलं, म्हणजे दाबाच्या वाफेत तापवलेलं, किंवा निर्जंतुक पाणीच लागतं.

हे जंतू सावकाश वाढतात. साधं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, दोन दिवस बघून टाकून देतात, यांना आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून रिपोर्ट कोरा येतो आणि नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत. उद्या सर्जनकडे गेलात की सरळ विचारा: "डॉक्टर, हा मायकोबॅक्टेरियाचा प्रकार असू शकतो का? एएफबीचा स्मिअर आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर पाठवूया का?" (एएफबी स्मिअर म्हणजे टीबीच्या जातीचे जंतू दिसावेत म्हणून स्राव काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं.) यात भांडणाचा सूर नको. सर्जनलाही कारण सापडायला हवंच असतं. स्थानिक लॅबमध्ये होत नसेल तर मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात चौकशी करा, आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहेच.

अजून एक सावधगिरी. तुकडा काढून तपासला आणि 'टीबीसारखं दिसतंय' असा रिपोर्ट आला, की काही ठिकाणी लगेच टीबीचं औषध चालू करतात. या चुलतभावांपैकी बरेच त्या औषधांना जुमानत नाहीत. जंतूची नेमकी जात आणि त्याला चालणारं औषध कळलं की उपचार होतो, पण महिनोन्महिने चालतो, कधी गाठ कापून काढावी लागते. आमचे चौघेही बरे झाले. एका मावशींना मात्र जवळजवळ वर्ष लागलं.

उष्णतेचं म्हणाल तर आत्यांना माझा नमस्कार सांगा आणि अंडी चालू ठेवा. जखम भरायला प्रथिनं लागतात. पित्ताशय काढल्यावर तेलकट बेताने, एवढंच, तेव्हा तांबडा रस्सा डॉक्टरांना विचारून. अंगारा, हळद, जोतिबाचा गुलाल कपाळाला लावा, जखमेला नको. गुलाल भरलेली ड्रेसिंगं मी माझ्या हाताने सोडवलीत.

आता सासरे. हर्नियात जाळी बसवणार असतील तर जखमेवर नजर महिनाभर नाही, तीन महिने ठेवायची. बाहेरची वस्तू शरीरात राहते, तिच्यावर बसलेला जंतू उशिरा जागा होऊ शकतो. आधी साखर तपासून घ्या. मधुमेह माहीत नसलेले कितीतरी लोक ऑपरेशनच्या टेबलावरच पहिल्यांदा सापडतात. विडी ओढत असतील तर निदान चार आठवडे आधी बंद. हे घरच्यांना सगळ्यात जड जातं, पण त्याचा उपयोग होतो. आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबण लावून अंघोळ. आणि घरून वस्तऱ्याने दाढी केल्यासारखं पोट साफ करून आणू नका, लई जण हौसेने करतात. वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात, त्यातच जंतू बसतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीनने. अँटिबायोटिकचं इंजेक्शन चीर देण्याच्या आधी, साधारण तासाभरात द्यायचं असतं. ते दिलं जातं का, एवढं विचारून ठेवा. साध्या ऑपरेशननंतर आठवडाभर गोळ्या 'सेफ्टी म्हणून' खाण्याने फारसं काही साधत नाही.

वॉर्डात हातातल्या सलाईनच्या सुईची जागा रोज बघा. दुखते, लाल झाली, शीर दोरीसारखी कडक लागते, तर सिस्टरला सांगून काढायला लावा. सलाईन बंद झाल्यावर 'असू दे, लागली तर' म्हणून सुई ठेवू देऊ नका. लघवीची नळी घातली असेल तर पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही, आणि नळी कधी निघणार हे रोज विचारायचं. ग्लोव्हज घातलेत म्हणजे हात स्वच्छ, असं धरू नका. एकाच ग्लोव्हजने तीन पेशंटना हात लावणारे मी पाहिलेत. "सिस्टर, जरा सॅनिटायझर घेता का?" असं नीट विचारलं तर वाईट वाटत नाही. वाटलं तरी विचारा.

आणि कागलहून टेम्पो भरून बघायला येणाऱ्यांना चौकातल्या चहावरूनच परत पाठवा. कॉटवर बसणारा पाहुणा कुणालाच नको असतो, तोंडावर कुणी म्हणत नाही इतकंच.

घरी आल्यावर ताप, थंडी, श्वास जोरात, लघवी कमी, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो जखमेचा प्रश्न राहिलेला नसतो. रात्री बारा वाजले तरी कॅज्युअल्टी गाठायची.

आईंबद्दल एक लिहायचं राहिलं. उद्या गाठीचा तुकडा काढला तर तो सवयीने फॉर्मेलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणाच्या, बाटलीत टाकतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर करायला काही उरत नाही. दोन बाटल्या मागा: एक फॉर्मेलिनची, बायोप्सीसाठी, आणि दुसरी निर्जंतुक सलाईनची, कल्चरसाठी. दुसरीवर नाव आणि 'एएफबी कल्चर' लिहिलंय का ते बघूनच लॅबकडे निघा.