कुत्र्याने कोय गिळली, आता?

आंब्याचे दिवस आले की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत एकच घोर असतो: कुत्र्याने काहीतरी गिळलंय. या वेळची काही पत्रं.

रिमोटमधला बटणासारखा सेल गिळला. उलटी करवू का?

नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे निघा, त्या सेलने अन्ननलिका काही तासांत आतून भाजते.

लॅब्राडॉरने परवा हापूसची अख्खी कोय गिळली. खातोय, खेळतोय. शेजारच्या काकू म्हणतात एरंडेल पाजा, पडून जाईल.

एरंडेल पाजू नका. कोय पचत नाही. जठरात असेपर्यंत ती फारसा त्रास देत नाही, म्हणून कुत्रा शेपूट हलवतो आणि घरचे निर्धास्त होतात. लहान आतड्यात उतरली की ती अडकते. त्यात जुलाबाचं औषध दिलं तर आतडं आणखी जोर करतं, पुढे वाट नसते, आणि ते फाटू शकतं. गेल्या मोसमात एका बीगलचं पोट उघडलं. कोयीच्या शिरा तशाच पिवळ्या होत्या, भोवतीचं वीतभर आतडं मात्र जांभळं-काळं पडलेलं. तेवढं कापून टाकावं लागलं. दुकानातून आणलेलं ‘पाचक’ सिरप आणि दहीभात देत घरच्यांनी चार दिवस वाट पाहिली होती. कोय विरघळवणारं सिरप नसतं हो! पहिल्याच दिवशी आणलं असतं तर बहुधा आतडं कापायची वेळ आली नसती. तुमचा आज खेळतोय, म्हणून आजच तपासून घ्या. उलट्या, जेवण बंद, शी बंद, पोटाला हात लावू न देणं, यांतलं काहीही दिसलं तर तासभरही थांबू नका.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवली तर?

कधीही नको. रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, जीवही जातो. मोजा किंवा फडकं गिळल्यापासून दोनेक तासांत आलात, तर आम्ही इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतो. तेही तपासल्यावरच.

शीच्या जागेतून दोरा लोंबतोय. ओढू?

ओढू नका. वरचं टोक आत कुठेतरी अडकलेलं असतं. नाडी ओढल्यावर परकराचा नेफा चुणतो तसं आतडं दोऱ्यावर चुणत जातं आणि कापलं जातं. कुत्र्याला तसंच घेऊन या.

एक्स-रे साफ आला. आता काळजी नाही ना?

आहे. कापड, प्लास्टिक, दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. उलट्या थांबल्या नसतील तर सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा.

रात्री गिळलं तर सकाळपर्यंत थांबावं का?

फोन रात्रीच करा. काही खायला घालू नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. आणि मोजा गिळला असेल तर जोडीतला दुसरा सोबत आणा, म्हणजे आत किती मोठी वस्तू शोधायची ते आम्हाला कळतं.