वाचक विचारतात : खिजडिया आणि नरारा

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत जामनगरला जातोय. मुलाला पक्ष्यांचं वेड, सासूबाईंचे गुडघे दुखरे. खिजडिया आणि नरारा एकाच दिवसात होईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, दोन दिवस ठेवाच. खिजडिया पक्षी अभयारण्य जामनगरपासून जेमतेम बारा किलोमीटर. खारं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून संस्थानकाळात बांध घातले, त्यामुळे एका बाजूला गोडं पाणी, दुसरीकडे खाजण आणि मिठागरं. 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, जाहीर झाला. सूर्योदयाला पोहोचा. बांधावर सासूबाई सावकाश चालतील. चित्रबलाकाचे गुलाबी पंख त्यांना चष्म्यातूनही दिसतील.

नरारा म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा प्रवाळाचा किनारा, त्याचं सगळं गणित ओहोटीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप लांब जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तेवढं नाही. आधी तिथी बघा, मगच तिकिटं काढा! हा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घ्याच. खडक शेवाळलेले, प्रवाळ धारदार. जाड तळव्याचे जुने बूट घाला, चपला नकोत. सासूबाईंना मात्र तिथे पाण्यात उतरवू नका.

मुलाला क्रॅब प्लोव्हर दाखवा. पांढराशुभ्र, पाठ काळी, जाडजूड काळी चोच. स्तब्ध उभा राहतो, चार पावलं धावतो आणि खेकडा उचलतो. थवा दिसला की तिथेच थांबा, फोटोसाठी पुढे सरकू नका. भरती चढली की त्यांचं खाणं बंद होतं. उडवून लावलं तर तेवढा घास गेला. दगड उलटवले तर जसेच्या तसे ठेवायला लावा. पाणी वळल्याचं वाटाड्याने सांगितलं की लगेच परत फिरा.