थंड हवेच्या ठिकाणी राहून टीबी बरा होतो का? पूर्वीच्या सॅनेटोरियमचा अनुभव कुणाला आहे का?

मला आहे. नऊ वर्षांची होते, चौदा महिने काढले. हवेनं काही होत नाही.

तुम्ही लिहिलंय की भाच्याला टीबी निघालाय आणि घरचे त्याला वर्षभर महाबळेश्वरला ठेवा म्हणताहेत. आमचा दादा पन्नास वर्षं हेच ऐकवतोय, "बाबांनी पोटाला चिमटा काढून तुला थंड हवेत ठेवलं, म्हणून जगलीस."

साल १९६७. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, सात माणसं. फोटोत डाग दिसला आणि आठ दिवसांत माझी ट्रंक भरली. साताऱ्याकडे घाटावर होतं ते सॅनेटोरियम, नाव लिहीत नाही. एका अंगानं उघडा लांबलचक व्हरांडा, ओळीनं लोखंडी खाटा. दुपारी दोन ते चार बोलायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं पडून राहायचं. शनिवारी वजन. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नव्हतं, आणि इथे मी रोज दुधात फेटलेलं कच्चं अंडं नाक दाबून पीत होते.

आणि रोज स्ट्रेप्टोमायसिन या टीबीच्या औषधाची सुई. सुया उकळायच्या भांड्याचा आवाज आला की शेजारच्या खाटेवरची मुलगी रडायला लागायची. मी पांघरूण चावायचे. जोडीला 'पास' नावाच्या टीबीच्याच औषधाच्या पुड्या, त्यांनी पोट ढवळून निघायचं. तिसऱ्या महिन्यात माझ्या डाव्या कानात रातकिडा बसला, तो गेलाच नाही. पुढे त्या कानानं ऐकूही येईनासं झालं. स्ट्रेप्टोमायसिननं कान जाऊ शकतात. दादाला मी दरवेळी विचारते, हवेनं कान जातात का रे? त्यावर तो चहा मागतो.

११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. खाटा फरशीवर सरकायला लागल्या. नर्सबाईंनी आम्हाला पांघरुणासकट बाहेर आणून गवतावर बसवलं. बायकांच्या वॉर्डातल्या एका आजींनी मला शालीत घेतलं, एरवी त्यांच्या बाजूला जायची परवानगी नव्हती. पुढच्या चार दिवसांत एस. टी. मिळेल तशी सगळ्यांची माणसं येऊन गेली. मला पोस्टकार्ड आलं. भूकंपाचं वाचलं, तू सुखरूप असशीलच. ताईचं जमलंय, माघात लग्न आहे. तुला तिथली हवा मानवते आहे, तर तिथेच राहा.

ताईच्या सासरी सांगितलं होतं, धाकटी मामाकडे शाळेला असते. घरात टीबी आहे हे कळलं असतं तर लग्न मोडलं असतं. मला हवेसाठी नाही, या लग्नासाठी वर ठेवलं होतं.

पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. हवा, दूध आणि विश्रांती याशिवाय ते तरी काय देणार? पण १९५२ पर्यंत आयसोनायझिड हे टीबीचं औषधसुद्धा आलं होतं. १९५६ पासून मद्रासला घरी राहणाऱ्या आणि सॅनेटोरियममधल्या रोग्यांना तीच औषधं देऊन पाहिली. १९५९ साली निकाल छापला गेला, घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले. दाटीच्या घरांतले, खाण्यापिण्याची आबाळ असलेले लोक होते ते. घरातल्या इतरांनाही त्यामुळे जास्त लागण झाली नाही. म्हणजे माझी ट्रंक भरली त्याच्या सात-आठ वर्षं आधी हे माहीत झालेलं होतं. गिरगावात कुणाला माहीत नसेल, हे मान्य. आणि आईच्या पाटल्या माझ्या खर्चापायीच गेल्या, हेही मान्य.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधारण सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. लहान मुलांकडून लागण सहसा होत नाही, तरी सुरुवातीच्या दिवसांत मास्क वगैरे डॉक्टर सांगतील तसं करा. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे माझं ऐकू नका. त्याचं ताट-वाटी मात्र वेगळी काढू नका.

भाचा म्हणताय म्हणजे तुम्ही त्याचे मामा किंवा आत्या असाल. त्याला तुमच्याकडे आणायचं तर खुशाल आणा, पण खरोखर आणा. मी मामाकडे एक दिवसही गेले नव्हते.