जुनी माउंटन बाइक : कमी पैशांत, योग्य क्रमाने
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे मामा १९९३ साली अमेरिकेहून परतले तेव्हा आपली माउंटन बाइक बरोबर घेऊन आले होते. गेली कित्येक वर्षे ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. टायर तडकले आहेत, चेन गंजून ताठ झाली आहे, गियरचे बटण दाबले तरी काहीच होत नाही आणि सीटचा दांडा फ्रेममध्ये पक्का अडकला आहे. फ्रेमवर ‘क्रोमोली’ असे लिहिलेले स्टिकर मात्र अजून वाचता येते. एका दुकानात ‘भंगारात द्या’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी सांगितलेल्या खर्चात नवी सायकल येईल. माझी पाच-सहा हजार रुपयांची तयारी आहे आणि रविवारी सकाळी येऊरच्या टेकडीपर्यंत जाता यावे, एवढीच अपेक्षा आहे. हा खर्च करावा का, आणि करायचा तर सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, वसंत विहार, ठाणे

उत्तर : फ्रेम शाबूत असेल तर हा खर्च अवश्य करावा. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद. ते साध्या पोलादापेक्षा मजबूत असल्याने त्याच्या नळ्या पातळ ठेवता येतात आणि फ्रेम हलकी होते. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीच्या डोंगरउतारांवर १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली पळवू लागले, त्यातून माउंटन बाइक हा प्रकार जन्माला आला. १९८१ साली स्पेशलाइज्डची ‘स्टंपजंपर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली, आणि पुढची दहा-बारा वर्षे चांगल्या माउंटन बाइक बहुतांशी क्रोमोलीच्याच होत्या. स्टिकर नीट वाचावे. पुष्कळदा फक्त तीन मुख्य नळ्या क्रोमोलीच्या आणि बाकीच्या साध्या पोलादाच्या असतात. तसे असले तरी बिघडत नाही. पुढचे चाक धरणारा चिमटा साधा, सस्पेन्शन नसलेला असेल तर तुमचे काम बरेच सोपे आहे. त्या काळच्या अनेक सस्पेन्शन चिमट्यांत रबरासारखे इलॅस्टोमर असत, ते आता चिकट होऊन त्यांचा भुगा झालेला असतो आणि त्यांचे सुटे भाग मिळवणे जिकिरीचे असते.

एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी सायकल धुऊन, पुसून उजेडात फ्रेम तपासावी. हँडलखालून पॅडलकडे उतरणाऱ्या नळीला, वरच्या टोकाशी, खालच्या बाजूने बोट फिरवून पाहावे. तेथे रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा जाणवला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे असे समजावे, आणि अशा फ्रेमवर पैसे घालू नयेत. मागच्या चाकाच्या एका खाचेत दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावा. दोन्ही बाजूंनी दोरा आणि सीटची उभी नळी यांच्यातील अंतर सारखे भरले तर फ्रेम सरळ आहे. पॅडलच्या आसाजवळ, म्हणजे दोन्ही पॅडलचे दांडे फ्रेमला जेथे जोडलेले असतात तेथे, पाणी साचते, म्हणून तेथील गंज पेचकसाच्या टोकाने खरवडून पाहावा. वरवरचा तांबूस गंज पुसला जातो. पापुद्रे सुटत असतील आणि पत्रा दबत असेल तर तेथेच थांबणे शहाणपणाचे.

अडकलेल्या सीटच्या दांड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगल्या फ्रेमचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. दांडा ॲल्युमिनियमचा, नळी पोलादाची आणि आपल्याकडची हवा खाडीकाठची, दमट व खारी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड होते आणि तीच पूड दांडा गच्च आवळून धरते. अशा वेळी गॅसच्या ज्योतीने तो भाग तापवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे दांडा सैल होण्याऐवजी अधिकच आवळतो, शिवाय रंग जळतो तो वेगळाच. उपाय नेमका उलटा आहे. सीटखालचा आवळपट्टा पूर्ण सैल करावा, सायकल उलटी करावी आणि पॅडलचा आस दुकानात काढून घेतल्यावर खालून त्या उभ्या नळीत गंज सोडवणारे पातळ तेल ओतून चार-पाच दिवस तसेच ठेवावे, मधूनमधून पुन्हा ओतावे. नंतर दांड्याभोवती बर्फाची पिशवी धरून तो आकसू द्यावा आणि जुनी सीट घट्ट बसवून तिच्या आधाराने डावी-उजवीकडे पिळत राहावे. तरीही हलला नाही तर फॅब्रिकेशनच्या दुकानात दांडा मोठ्या शिकंज्यात धरून, संपूर्ण फ्रेम दोन्ही हातांनी फिरवून घ्यावी. फ्रेमची लांबी हीच तेथे तरफेचे काम करते. दांडा निघाला की त्यावर कोरलेला व्यासाचा आकडा लिहून ठेवावा. २७.२ आणि २६.८ मिलिमीटर हे दांडे डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

यानंतरचा पैसा फिरणाऱ्या भागांवर खर्च करावा. दुकानात ‘पूर्ण ओव्हरऑइल’ सांगून मोकळे होण्यापेक्षा चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, स्वतः खोलावेत. आतले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले आढळेल. सर्व भाग रॉकेलमध्ये, ते न मिळाल्यास डिझेलमध्ये, उघड्या हवेत धुवावेत आणि कोनच्या (आसावरचा शंकूच्या आकाराचा नट, ज्यावर छर्रे फिरतात) गुळगुळीत पट्ट्यावरून बॉलपेनचे टोक हलकेच फिरवावे. डोळ्यांना न दिसणारा खड्डाही त्या टोकाला अडखळून कळतो. खड्डा असल्यास कोन बदलावा, नसल्यास फक्त छर्रे नवे घालावेत. पुढच्या हबमध्ये सामान्यतः प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे दहा आणि मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे नऊ छर्रे असतात, तरी काढताना मोजूनच काढावेत. बसवताना किंचित ढिलाई ठेवावी, कारण क्विक रिलीजची (पाना न लावता चाक काढण्याची) दांडी आवळली की आस थोडा दबतो आणि ती ढिलाई तेवढ्यातच नाहीशी होते.

पॅडलचा आस मात्र दुकानात उघडून घ्यावा, त्यासाठी लागणारी हत्यारे एका कामासाठी विकत घेण्यात अर्थ नाही. मेकॅनिक हातोडी उचलू लागला तर त्याला थांबवावे. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, काढण्यासाठी पुलर हे ओढून काढणारे हत्यारच हवे. आसाचे छर्रे धरणाऱ्या उजव्या बाजूच्या कपाला आणि डाव्या पॅडलला उलटे आटे असतात, याची आठवण द्यायला संकोच करू नये.

गियरचे बटण निकामी झाले आहे असे लगेच मानू नका. १९९३च्या सुमाराच्या बटणांच्या गियरमध्ये आतले ग्रीस वाळल्यामुळे छोटी खिट्टी चिकटून बसते आणि बटण पोकळ वाटते. वायर काढून आत डब्ल्यूडी-४०सारख्या पातळ तेलाचा फवारा भरपूर मारावा, काळे पाणी गळू द्यावे आणि खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून धरू लागेपर्यंत बटण दाबत राहावे. एका फवाऱ्यात लगेच यश येत नाही, पण चिकाटी ठेवली तर बहुतेकदा येते. त्यानंतर आत हलके तेल सोडावे.

तुमच्या सायकलीचे ब्रेक कँटिलिव्हर पद्धतीचे, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंच्या भुजा एका आडव्या वायरने ओढणारे, असणार. ते काढून व्ही-ब्रेक लावण्याचा आग्रह होईल. व्ही-ब्रेक १९९६च्या सुमारास आले आणि ते जोरकस आहेत हे खरे. ते त्याच खुंट्यांवर बसतातही. पण त्यांना वायर जवळपास दुप्पट ओढावी लागते, त्यामुळे हँडलवरच्या जुन्या ब्रेकच्या दांड्यांवर ते नीट लागत नाहीत आणि दांडेही बदलावे लागतात. येऊरच्या उतारासाठी नवे ब्रेक शू, नव्या वायर आणि स्पिरिटने पुसलेल्या रिम एवढे पुरेसे आहे. एक खबरदारी मात्र अत्यावश्यक आहे : पुढच्या ब्रेकची मुख्य वायर तुटली तर दोन्ही भुजांना जोडणारी आडवी वायर टायरच्या गुठळ्यांत अडकून चाक जागच्या जागी थांबू शकते. म्हणून चिमट्यावरची रिफ्लेक्टरची पट्टी किंवा मडगार्ड काढू नये. ती वायर त्यावर अडते.

हिशेब साधारण असा धरावा : टायर-ट्यूबना दीड ते दोन हजार, वायर, शू, छर्रे आणि ग्रीस मिळून हजारभर, चेनला पाचशेच्या आसपास आणि उरलेले पैसे चाकांचा आउट (वाकडेपणा) काढण्यासाठी व मजुरीसाठी. गंजलेली चेन बदलावीच, पण फेकण्यापूर्वी मोजावी. पिनेच्या मध्यापासून बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. १/८ इंच जास्त भरल्या तर मागचे दातेही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून उडी मारते. तेव्हा ते दाते बदलण्याचाही खर्च धरावा लागेल.

प्रश्न : माझ्या वडिलांची वीस-पंचवीस वर्षांची माउंटन बाइक मी दुरुस्त करून घेतली असून ती छान चालते. रंग मात्र जागोजागी उडाला आहे. पावडर कोटिंग करून घ्यावे का?
— एक वाचिका, नेरूळ

उत्तर : माझे मत नकारार्थी आहे. पावडर कोटिंग म्हणजे कोरडी पावडर फवारून भट्टीत भाजलेला रंग. त्यासाठी फ्रेम पूर्ण मोकळी करावी लागते, जुना रंग आणि स्टिकर कायमचे जातात, आट्यांमध्ये पावडर बसली तर ते पुन्हा काढून घ्यावे लागतात आणि एवढा खर्च करूनही सायकल पूर्वीपेक्षा चांगली चालत नाही. वडिलांच्या हातचे ओरखडे राहू द्यावेत. फ्रेम साबणाने धुऊन वाळवावी, गाड्यांसाठी मिळणाऱ्या रबिंग कंपाउंडने मऊ फडक्याने घासावी आणि वर मेणाचे पॉलिश लावावे; निस्तेज वाटणारा रंग यातून बराच उजळतो. उघड्या पडलेल्या जागी गंज बारीक पॉलिश पेपरने काढून, प्रायमर लावून, जुळत्या रंगाचे ठिपके बारीक ब्रशने भरावेत. क्रोमच्या भागांवर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी पुरते.

खाडीजवळ राहणाऱ्यांनी बाहेरच्या रंगापेक्षा नळ्यांच्या आतल्या भागाची काळजी अधिक घ्यावी. पावसाळ्यापूर्वी सीटचा दांडा काढून आत थोडे इंजिन ऑइल सोडावे आणि फ्रेम सर्व बाजूंनी फिरवावी. पॅडलच्या आसाखाली छोटे भोक असल्यास ते चिखलाने बुजलेले नाही ना, हेही पाहावे. दांडा परत बसवताना त्याला ग्रीस लावायला विसरू नये.

प्रश्न : जुन्या माउंटन बाइकसाठी २६ इंची टायर मागितला आणि दुकानदाराने २६ इंचीच दिला, तरी तो रिमवर सैल पडतो. रिम वाकडी असेल का?
— एक विद्यार्थी वाचक, ऐरोली

उत्तर : रिमचा काही दोष नसावा. आपल्याकडे २६ इंच या नावाने निरनिराळे टायर विकले जातात. साध्या सायकलींचे २६ × १ ३/८ आणि २६ × १ १/२ हे अपूर्णांकात लिहिलेले टायर तुमच्या रिमपेक्षा मोठे असतात : त्यांचा बसण्याचा व्यास अनुक्रमे ५९० आणि ५८४ मिलिमीटर आहे. माउंटन बाइकचा टायर दशांशात लिहिलेला असतो, उदाहरणार्थ २६ × १.९५, आणि त्याचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो. टायरच्या कडेवर ‘५०-५५९’ अशा जोडीतला दुसरा आकडा पाहूनच तो घ्यावा. पहिला आकडा रुंदीचा असतो. बहुतांश वेळ डांबरी रस्त्यावरच चालवणार असाल तर १.५ इंचाचा, कमी गुठळ्यांचा टायर घ्या, तो हलका पळतो. सध्याचा टायर मातीचे डाग न लागता परत केलात तर दुकानदार बदलून देण्याची शक्यता आहे, म्हणून तो पुन्हा चढवून पाहू नका.